दहा हजार की अगणित?

‘सतराशे साठ कामं पडलीत’ असं कुणी म्हणालं, तर आपण ती कामं मोजायला बसत नाही. आकडा नेमका असला तरी अर्थ ‘पुष्कळ’ एवढाच. प्राचीन ग्रीकमध्ये याच्या उलट घडलेलं दिसतं. तिथे ‘पुष्कळ’ सांगणाऱ्या एका शब्दाचा पुढे नेमका आकडा झाला. इंग्रजीतला ‘मिरिअड’ हा त्याच शब्दाचा वंशज. मला या शब्दाचं कुतूहल वाटतं, कारण तो बरोबर सीमेवर उभा आहे. त्याच्या अलीकडे मोजलेलं जग आणि पलीकडे न मोजलेलं.

मूळ शब्द ‘म्युरिओस’. होमरच्या ‘इलियड’मध्ये तो दुसऱ्याच ओळीत भेटतो. अकिलीजच्या रागापायी ग्रीकांच्या वाट्याला किती दुःखं आली, हे सांगायला तो वापरलाय. तिथे त्याचा अर्थ दहा हजार असा नाही, अगणित असा आहे. पुढे याच शब्दाचं अनेकवचन ‘म्युरिओई’ दहा हजार या संख्येसाठी रूढ झालं. जुने व्याकरणकार फरक सांगतात तो आघाताचा: पहिल्या अक्षरावर जोर दिला तर दहा हजार, दुसऱ्यावर दिला तर अगणित. दहा हजारांच्या गटाला ‘म्युरिआस’ म्हणत. एक लाख सांगायचे तर असे दहा गट. संस्कृतात दहा हजारांना ‘अयुत’ म्हणतात आणि त्यापुढेही नावांची रांग लांबत जाते. ग्रीकांकडे संख्यांची स्वतंत्र नावं इथेच संपायची.

या गटाचा सगळ्यात चमत्कारिक वापर हेरोडोटसने नोंदवलाय. इ.स.पूर्व ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस ग्रीसवर चालून निघाला आणि थ्रेसमधल्या डोरिस्कस इथे त्याने फौज मोजायला घेतली. दहा हजार माणसं एका जागी जमतील तेवढी दाटीवाटीने उभी केली आणि त्यांच्याभोवती रेघ आखली. मग त्यांना बाहेर काढून त्या रेघेवर बेंबीइतक्या उंचीची भिंत बांधली. त्यानंतर तेवढ्याच जागेत माणसं भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. हेरोडोटसच्या म्हणण्यानुसार पायदळ भरलं सतरा लाख. हा आकडा आजचे इतिहासकार मानत नाहीत. मला मात्र आकड्यापेक्षा ती भिंत जास्त बोलकी वाटते. पायलीने धान्य मापावं तशी तिथे माणसं मापली गेली. आतला दाणा कोणता, याच्याशी पायलीला काय देणंघेणं?

दहा हजारांचं हेच माप पुढे आर्किमिडीजने हाती घेतलं, पण त्याला माणसं नाही, वाळू मोजायची होती. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात त्याने सिराक्यूजचा राजा गेलोन याला उद्देशून एक छोटा प्रबंध लिहिला. वाळूचे कण अगणित आहेत, असं लोक म्हणत. आर्किमिडीजला ते मान्य नव्हतं. त्याने सुरुवात केली खसखशीपासून. खसखशीच्या एका दाण्याएवढ्या जागेत वाळूचे दहा हजारांहून जास्त कण मावणार नाहीत, असं त्याने धरलं. मोठ्या संख्यांना नावं नव्हती, तर ती त्याने बनवली. दहा हजार गुणिले दहा हजार, म्हणजे दहा कोटी, हे नवं एकक धरून तो पायरी पायरीने वर चढत गेला. अखेर त्याने दाखवलं, की अख्खं विश्व वाळूने भरलं तरी कणांची संख्या एकावर त्रेसष्ट शून्यं एवढीही होणार नाही. आपण ज्याला ‘अगणित’ म्हणतो, ते पुष्कळदा कुणी मोजायला न बसल्यामुळेच अगणित असतं.

म्हणून पूर, साथ किंवा युद्धाच्या बातमीत ‘असंख्य लोक दगावले’ असं वाचलं, की मी थबकते. ही माणसं मोजता आली नाहीत, की कुणी मोजलीच नाहीत?

अशा वेळी मला झेनोफोन आठवतो. तो आर्किमिडीजच्याही आधीचा. इ.स.पूर्व ४०१ मध्ये धाकट्या सायरसने भावाचं इराणी सिंहासन बळकावण्यासाठी ग्रीक भाडोत्री सैनिक नेले. बॅबिलोनजवळ कुनाक्साच्या लढाईत सायरस मारला गेला आणि ही फौज परमुलखात अडकली. डोंगर आणि बर्फ तुडवत ती उत्तरेला काळ्या समुद्रापर्यंत पोहोचली. इतिहासात या फौजेला ‘दहा हजार’ म्हणतात, ग्रीकमध्येही तोच शब्द. प्रत्यक्षात लढाईआधीची झेनोफोनची मोजणी वेगळी आहे: जड शस्त्रांचे १०,४०० आणि हलक्या शस्त्रांचे २,५०० सैनिक.

परतताना समुद्रकाठी केरासुस इथे फौज पुन्हा मोजली. भरली ८,६००. बाकीचे शत्रूच्या हातून आणि बर्फात मेले, काही आजाराने गेले, असं झेनोफोन लिहितो. तो स्वतः या फौजेबरोबर चालला होता आणि वाटेत तिचा एक नायकही झाला होता.

फौजेचं नाव आजही ‘दहा हजार’च आहे. नावातला गोल आकडा कुणी मेलं म्हणून कमी होत नाही. पण झेनोफोनचे दोन आकडे शेजारी ठेवले, की वजाबाकी करता येते आणि किती जण घरी परतले नाहीत याचा अंदाज येतो. ‘अगणित’मधून काहीच वजा करता येत नाही.