चर्चच्या कायद्याची पाठशाळा

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, उत्तर इटलींतील बोलोन्या शहरीं एका अध्यापकानें आपल्या शिष्यांपुढें एक प्रकरण मांडलें. एका कुलीन स्त्रीला निरोप येतो, कीं अमुक सरदाराच्या पुत्रानें तिला मागणी घातली आहे. ती होकार देते. पण तो वर येण्यापूर्वींच हीन कुळांतला, दास्यांत असलेला एक मनुष्य त्याच्या नांवानें पुढें येतो आणि तिच्याशीं विवाह करून मोकळा होतो. मागाहून खरा वर दारांत उभा! स्त्री म्हणते, आपली फसवणूक झाली. मग झालेला विवाह हा विवाह आहे कीं नाहीं?

या अध्यापकाचें नांव ग्रेशियन. त्याच्या चरित्राची निश्चित माहिती फारच थोडी. तो मठवासी साधु होता असें परंपरा सांगते. आधुनिक संशोधकांना तेंही मान्य नाहीं. त्याची कीर्ति उरली ती इ. स. ११४० च्या सुमारास सिद्ध झालेल्या एका ग्रंथामुळें. 'डिक्रेटम्' हें त्याचें रूढ नांव. मूळ लॅटिन नांवाचा अर्थ मात्र अधिक बोलका आहे. तो अर्थ म्हणजे 'परस्परविरोधी नियमांची एकवाक्यता'.

अशा एकवाक्यतेची गरज मोठी होती. धर्मपरिषदांचे ठराव, पोपांचीं पत्रें, आद्य आचार्यांचीं वचनें असा सहस्र वर्षांचा संभार चर्चजवळ सांचला होता, आणि त्यांत एक वचन पूर्वेला तर दुसरें पश्चिमेला, अशी स्थिति होती. नवव्या शतकांत कोणीं बनावट पत्रें रचून प्राचीन पोपांच्या नांवावर खपविलीं होतीं, तींही ग्रेशियननें खरीं समजून घेतलीं. ग्रेशियनच्या थोडें आधीं कल्याणच्या चालुक्यांच्या आश्रयानें विज्ञानेश्वरानें 'मिताक्षरे'त विसंगत स्मृतिवचनांचा असाच मेळ घातला होता. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. पण शास्त्रवचनें भांडूं लागलीं म्हणजे पंडिताला जें काम करावें लागतें तें दोन्हीकडे सारखेंच.

ग्रेशियनची रीत अशी. ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत वरच्यासारखीं ३६ कल्पित प्रकरणें आहेत. प्रत्येकांतून तो प्रश्न काढतो, दोन्ही बाजूंचीं वचनें मांडतो आणि मग स्वतःचा अभिप्राय देतो. त्या कुलीन स्त्रीच्या बाबतींत तो म्हणतो, कीं तिची संमति होती ती दुसऱ्या पुरुषाला. व्यक्तीविषयींच भ्रम झाला, तेथें संमतीच नाहीं. वर श्रीमंत वाटला आणि दरिद्री निघाला, तर मात्र विवाह मोडत नाहीं. वर दास आहे हें ठाऊक नसतां लग्न झालें असेल, तर स्त्रीला सुटतां येतें. कन्येला तिच्या इच्छेविरुद्ध कोणाच्या गळ्यांत बांधूं नये, हेंही त्यानें निःसंदिग्धपणें सांगितलें. ज्या काळीं सरदार घराण्यांतील कन्या म्हणजे जमिनींच्या सौद्यांतील एक बाब होती, त्या काळचा हा निर्णय आहे.

विवाह पुरा होतो तरी केव्हां, यावर पुढें बोलोन्या आणि पॅरिस यांचें वाजलें. संमतीनें विवाह सुरू होतो व शरीरसंबंधानें पूर्ण होतो, हा ग्रेशियनचा पक्ष. पॅरिसच्या पीटर लोंबार्डचें म्हणणें असें, कीं संमति पुरे. फक्त क्रियापदाचा काळ पाहावा. 'मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतों' म्हटलें, तर तो विवाह. 'स्वीकारीन' म्हटलें, तर तें नुसतें वचन. तिसरा अलेक्झांडर (११५९–८१) या पोपानें पुष्कळ अंशीं पॅरिसच्या बाजूनें कौल दिला. वैयाकरणाला शोभणारा हा भेद. पण त्यावर हजारों संसार टांगले गेले! कारण या कायद्याला ना भटजी लागे, ना साक्षी. एखाद्यानें एकीला एकांतांत 'स्वीकारतों' म्हटलें आणि पुढें दुसरीशीं चारचौघांत लग्न लावलें, तर खरी पत्नी पहिलीच. मात्र पुरावा नाहीं म्हणून न्यायालय त्याला दुसरीकडेच धाडणार. न्यायालय एकीकडे, सदसद्विवेक दुसरीकडे. हा पेंच सुटेना. अखेर १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें गांवचा धर्मगुरु व दोन-तीन साक्षी यांवांचून विवाह वैध नाहीं असें ठरविलें. आईबापांची संमतिही आवश्यक करावी, हा फ्रान्सच्या राजाचा आग्रह होता. परिषदेनें तो मानला नाहीं. विवाह करणाऱ्या दोघांचा शब्द, हें बोलोन्याचें सूत्र तिनें सोडलें नाहीं.

या विद्येनें चर्चचा कारभारच पालटला. गांवोगांवचे तंटे अपिलानें रोमला जाऊं लागले आणि पोपच्या गादीवर कायदेपंडित येऊं लागले. नवव्या ग्रेगरीनें १२३४ मध्यें नव्या निर्णयांचा संग्रह करविला, तो बोलोन्या व पॅरिस येथील विद्यापीठांकडेच धाडला. अर्थात् हें सर्वांना रुचलें नाहीं. दान्तेनें आपल्या महाकाव्यांत ग्रेशियनला स्वर्गांतील ज्ञानी जनांच्या मेळ्यांत बसविलें. पण त्याच काव्यांत, लोक शुभवर्तमान टाकून पोपांच्या निर्णयांचेच ग्रंथ घोकतात, असा संतापही व्यक्त केला. १० डिसेंबर १५२० रोजीं ल्यूथरनें विटेनबर्गच्या वेशीबाहेर पोपच्या आज्ञापत्राबरोबर हे ग्रंथही जाळले. १५३५ सालीं आठव्या हेन्रीनें ऑक्सफर्ड व केंब्रिज येथें या विषयाचें अध्यापनच बंद केलें.

कॅथॉलिक चर्चमध्यें हें अध्ययन टिकलें. पण ग्रंथांचा डोंगर वाढतच गेला. पॅरिसमध्यें हा विषय अनेक वर्षें शिकविणारे पिएत्रो गास्पारी यांच्याकडे दहाव्या पायस पोपनीं १९०४ मध्यें एक सुटसुटीत संहिता रचण्याचें काम सोंपविलें. १९१७ सालीं २,४१४ कलमांची संहिता प्रसिद्ध झाली. १९८३ सालीं तिची जागा १,७५२ कलमांच्या नव्या संहितेनें घेतली. तिच्या नियमाप्रमाणें धर्मन्यायालयाचा न्यायाधीश या विषयांतला डॉक्टर, निदान 'लायसेन्शिएट' ही पदव्युत्तर पदवी मिळविलेला असावा लागतो. तो अभ्यासक्रम २००२ पासून तीन वर्षांचा आहे, आणि त्यांत लॅटिनही शिकावें लागतें.

त्या अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यापुढें बोलोन्याची ती कुलीन स्त्री आजही येऊं शकते, आणि उत्तर तेंच मिळतें: व्यक्तीविषयींच्या भ्रमानें विवाह रद्द होतो. वराच्या दास्याविषयींच्या भ्रमाचें कलम मात्र १९१७ च्या संहितेपर्यंत शिल्लक होतें. १९८३ च्या संहितेंत तें नाहीं.