नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीतील कवी होते. फुले, पाखरे आणि लहान मुले हे त्यांच्या कवितेचे आवडते विषय असल्याने मराठी वाचक त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखतात. केशवसुत, विनायक, गोविंदाग्रज आणि बालकवी यांच्याबरोबर मराठी काव्याच्या नवयुगाचे प्रवर्तक म्हणून त्यांची गणना होते. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत. आडनावाच्या साम्यामुळे त्यांची लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांच्याशी गल्लत होऊ नये.

बालपण व शिक्षण

टिळकांचा जन्म कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव तापट स्वभावाचे होते. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या होत्या. आईच्या निधनानंतर टिळकांनी लहान वयातच घर सोडले आणि ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतील शिक्षण त्यांना फार काळ लाभले नाही. पुढील व्यासंग त्यांनी स्वतःच्या बळावर केला. संस्कृत वृत्तांवरील प्रभुत्व आणि वक्तृत्व यांच्या जोरावर त्यांनी तरुणपणीच नाव मिळवले.

१८८० मध्ये नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी त्यांचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. टिळकांचा स्वभाव भटका आणि उदार असल्यामुळे ते एका ठिकाणी किंवा एका नोकरीत फार काळ रमले नाहीत. नागपूर, राजनांदगाव अशा अनेक गावी त्यांचे वास्तव्य झाले. नागपूरच्या काळात ‘ऋषी’ या मासिकाशी त्यांचा संबंध होता.

धर्मांतर

रेल्वेच्या एका प्रवासात भेटलेल्या युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना बायबलचा ‘नवा करार’ वाचावयास दिला. त्यातील ‘डोंगरावरील प्रवचना’चा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. जातिभेदाविषयीची तळमळ आणि धर्मविषयक चिंतन त्यांच्या ठायी आधीपासूनच होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या निर्णयाने घर आणि समाज दोन्ही दुरावले. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या आणि काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

धर्म बदलला तरी टिळकांनी मराठी भाषा, संतपरंपरा आणि देश यांच्याशी असलेले नाते सोडले नाही. तुकारामांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भूमिका होती. ‘अभंगांजली’तील त्यांची भक्तिरचना वारकरी संतांच्या अभंगांचे वळण घेऊन आली आहे. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत आजही गायिली जातात.

निसर्गकविता

टिळकांच्या आधीच्या पंडिती काव्यात निसर्ग येत असे तो बहुधा ऋतुवर्णनाच्या रूपाने. वसंत, कोकिळा, कमळ, चंद्र हे संकेत ठरलेले असत आणि कवीचे कौशल्य अलंकारांत दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हे चित्र पालटू लागले. टिळकांनी वृत्ते जुनीच वापरली. मात्र रानातले एखादे नाव नसलेले फूल किंवा एक जखमी पक्षीण त्यांना संपूर्ण कवितेचा विषय म्हणून पुरेशी वाटली. फुलाकडे ते शोभेची वस्तू म्हणून पाहत नाहीत. त्याच्याशी ते आप्ताप्रमाणे बोलतात.

‘केवढे हे क्रौर्य!’ ही त्यांची कविता शालेय पाठ्यपुस्तकांमुळे अनेक पिढ्यांना परिचित आहे. घायाळ झालेली एक पक्षीण रक्तबंबाळ अवस्थेत, वाट चुकत, कशीबशी आपल्या पिलांपर्यंत पोहोचते. शेवटचा घास त्यांच्या स्वाधीन करून ती त्यांना देवाच्या भरवशावर सोडते. आपल्या गाण्याने ज्यांना रमवले त्या माणसांनीच आपला जीव घ्यावा, हे दुःख कवितेच्या गाभ्याशी आहे. ही रचना पृथ्वी वृत्तात आहे. या वृत्ताच्या प्रत्येक चरणात सतरा अक्षरे असून आठव्या अक्षरानंतर यती येतो. पक्षिणीचे पडणे, उठणे आणि पुन्हा झेपावणे या चरणांच्या चढउतारातून ऐकू येते. कविता वाचून दाखवताना हा यती सांभाळला, तर अर्थ अधिक स्पष्ट होतो.

‘वनवासी फूल’ हे त्यांचे दीर्घकाव्य विशेष प्रसिद्ध आहे. कवी आणि एकांतात उमललेले फूल यांच्या संवादातून त्यात जीवनाच्या प्रयोजनाचा विचार येतो. ‘सुशीला’ हे त्यांचे आणखी एक दीर्घकाव्य. त्यांनी कौटुंबिक आणि देशभक्तिपर कविताही लिहिल्या. मुलांसाठीचे त्यांचे लेखन ‘बालबोधमेवा’ या मासिकातून आले.

टिळकांच्या निसर्गकवितेची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. फूल किंवा पाखरू पाहिल्यावर त्यातून काही बोध निघावा, अशी त्यांची वृत्ती होती. त्यामुळे काही कवितांत अनुभवापेक्षा उपदेश वरचढ ठरतो. त्यांच्या उत्तम कवितांत मात्र करुणा इतकी सहज येते की बोध वेगळा काढून दाखवावा लागत नाही.

कविसंमेलन आणि बालकवी

१९०७ मध्ये जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. ते घडवून आणण्यात टिळकांचा पुढाकार होता. डॉ. कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. धरणगाव येथे जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या मुलाने तेथे कविता म्हटल्या आणि ‘बालकवी’ ही उपाधी मिळवली. पुढे ठोंबरे काही काळ टिळकांच्या कुटुंबात घरच्या मुलासारखे राहिले. त्यांच्या लहरी स्वभावाच्या आठवणी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मायेने सांगितल्या आहेत.

या सहवासाला काव्येतिहासातही महत्त्व आहे. टिळकांचा निसर्ग माणसाला काही सांगण्यासाठी बोलतो. बालकवींच्या कवितेत तो कोणत्याही प्रयोजनाविना, स्वतःच्या आनंदात किंवा उदासीनतेत वावरतो. मराठी निसर्गकविता या दिशेने टिळकांच्या पुढे गेली. पुढे जाणाऱ्या कवीला घर आणि उत्तेजन टिळकांनीच दिले होते. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला. त्यानंतर वर्षभराने टिळकही गेले.

अखेरची वर्षे

१९१२ पासून टिळकांनी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध महाकाव्यास त्यांनी १९०९ मध्ये प्रारंभ केला होता. त्याचे सुमारे दहा अध्यायच त्यांच्या हातून पूर्ण झाले. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा स्थापन केला. पंथ आणि जात यांच्या भिंती ओलांडून ख्रिस्तभक्तांना एकत्र आणावे, हा त्यामागील हेतू होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. लग्नानंतर टिळकांच्या सहवासात लिहावाचावयास शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ‘ख्रिस्तायन’चे पुढील चौसष्ट अध्याय रचले.

महत्त्व

टिळकांच्या आयुष्यात गाव, नोकरी, आप्त आणि धर्म असे बहुतेक सर्व बदलत गेले. निसर्गाविषयीचे ममत्व धर्मांतरापूर्वी आणि धर्मांतरानंतरही तसेच राहिले. लहान, दुबळ्या आणि दुर्लक्षित जिवांविषयीची जी कळकळ त्यांच्या कवितेत दिसते, तीच त्यांच्या जातिभेदविरोधी विचारांत आणि भक्तिरचनेत आढळते. म्हणूनच त्यांची निसर्गकविता त्यांच्या जीवनापासून वेगळी काढून वाचता येत नाही. संस्कृत वृत्तांच्या शिस्तीत साध्या रानफुलाला मानाचे स्थान देणारा कवी म्हणून मराठी काव्येतिहासात टिळकांची नोंद महत्त्वाची ठरते.