एआय स्टोरीबोर्ड आणि दृश्यसातत्य
दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एआयच्या स्टोरीबोर्डमध्ये पेच उलटा आहे: पात्र एकच, पण चौकटीगणिक चेहरा निराळा. बहुतेक साधने प्रत्येक चित्र यादृच्छिक ठिपक्यांच्या गोंधळातून नव्याने घडवतात. मागची चौकट आपण पुन्हा दिली नाही, तर तिचा आधार त्यांना नसतो. वेशभूषाकार आणि छायाचित्रकार स्टोरीबोर्डवरूनच तयारी करतात. त्यामुळे ही विसंगती पुढे चित्रीकरणाच्या खर्चात उतरते.

म्हणून आधी पात्राचे समोरून, बाजूने व मागून संदर्भचित्र पक्के करावे आणि प्रत्येक चौकटीसाठी तेच द्यावे. मिडजर्नीने पात्रसंदर्भाची ही सोय मार्च २०२४ मध्ये आणली. वर्णनाचे शब्दही बदलू नयेत. ‘हिरवी नऊवारी’ऐवजी पुढे नुसते ‘साडी’ लिहिले, की काष्टा गेलाच म्हणून समजावे! चौकट आरशातल्यासारखी उलटली, तर डाव्या नाकपुडीतील नथ उजवीकडे जाते आणि संवादातील पात्रांच्या नजरेची दिशाही फिरते.

कथा कुवेतमधील असल्यास केवळ ‘अरबी पोशाख’ म्हणणे अपुरे आहे. यंत्र कोणत्याही देशाचा पेहराव चढवते. अशा वेळी जाब्रियातील तारेक रजब संग्रहालयातील वस्त्रे व दागिन्यांसारखा अस्सल संदर्भ शोधावा. एखादा तपशील चुकल्यास संपूर्ण चित्र नव्याने न मागता तेवढाच भाग दुरुस्त करून घ्यावा.