शेकरू सह्याद्रीचे, पापलेट समुद्राचे. मग राजूरचे काय?

१/ राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, राज्यवृक्ष आंबा. स्पर्धा परीक्षांमुळे ही यादी अनेकांना तोंडपाठ असते. मात्र ती नकाशावर मांडली, की महाराष्ट्राच्या घडणीचा इतिहासच समोर येतो. त्यासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर या कोळसा खाणींच्या गावापासून सुरुवात करणे उद्बोधक ठरेल.

२/ अलीकडे या यादीत भर पडत गेली. २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ राज्यफुलपाखरू झाले. असा मान फुलपाखराला देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष ठरला आणि २०२३ मध्ये चंदेरी पापलेट हा राज्यमासा.

३/ यातील बरीच नावे पश्चिमेकडे झुकतात. चिप्पी खाडीच्या खारट चिखलात वाढते, पापलेट अरबी समुद्रातून येते. शेकरू म्हटले की आठवते ते भीमाशंकर. तेथील अभयारण्य १९८५ मध्ये प्रामुख्याने त्याच्यासाठीच घोषित झाले. मेळघाट व गडचिरोलीतही शेकरू आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

४/ राजूर परिसरातील पावसाचे पाणी अरबी समुद्राला मिळतच नाही. ते वर्धा नदीत उतरते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. राजूरला अधिक जवळचा समुद्रही तोच.

५/ राजकीय इतिहासाची दिशाही अशीच निराळी. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. पुढे हा मुलूख ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये तो यवतमाळ जिल्हा झाला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे ज्या राज्याची ही मानचिन्हे, त्या राज्याशी या भूमीचे प्रशासकीय नाते अवघ्या काही दशकांचे.

६/ तरीही यादीतील एक नाव येथे अगदी घरचे आहे: हरियाल. पिवळ्या पायांचे हे हिरवे कबूतर वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगते. पानांत इतके मिसळून जाते, की थवा उडेपर्यंत झाड रिकामेच भासावे. जमिनीवर ते क्वचित उतरते; म्हणूनच हा पक्षी भुईला पाय लावत नाही, अशी लोकसमजूत रूढ झाली.

७/ राजूरची सर्वांत जुनी ओळख मात्र जमिनीखाली आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून अधिक जुना. दलदलीतील अरण्ये गाळाखाली गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. त्या अरण्यांत ‘ग्लोसोप्टेरिस’ या जिभेच्या आकाराच्या पानांच्या वनस्पतींचे प्राबल्य होते.

८/ हीच पाने दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातील खडकांतही सापडतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सहकारी मृत्युमुखी पडले. त्यांनी अखेरपर्यंत ओढत आणलेल्या सुमारे १६ किलो दगडांत ग्लोसोप्टेरिसचे ठसे होते. अंटार्क्टिकाही कधीकाळी याच भूखंडाचा भाग होता, या कल्पनेला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

९/ त्या प्राचीन महाखंडाचे नाव गोंडवन. भूवैज्ञानिक हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास मध्य भारतातील खडकांना गोंडांच्या प्रदेशावरून हे नाव दिले. एडुआर्ड झ्यूस यांनी पुढे ते संपूर्ण महाखंडाला लावले. चंद्रपूरच्या गोंड राजांचा मुलूख राजूरपासून वर्धा नदीपलीकडेच होता. यवतमाळच्या गोंड-कोलामांच्या शेजारभूमीचे नाव अशा रीतीने जगभरच्या भूगोलात पोहोचले.

१०/ या वारशाला कोणत्याही यादीत स्थान नाही. कोळसा भट्टीत जातो आणि सोबत निघालेला दगड ढिगाऱ्यावर पडतो. पानांचे ठसे उमटतात ते बहुधा अशाच थरांतील शेल खडकात. मानचिन्हाचे बिरुद हरियालाला मिळाले, पण त्याचे अन्न असलेल्या वड-उंबरांना ते मिळालेले नाही. खाण वाढते तेव्हा पहिली कुऱ्हाड झाडांवर पडते. म्हणून राज्याची मानचिन्हे पाठ करताना त्यांची नावे पुरेशी नाहीत; ती कशावर जगतात आणि कोणत्या मातीवर उभी आहेत, हेही त्याच यादीत वाचायला हवे.