आजीच्या कोंबड्या आणि आजोबांची सही

खूप दिवसांनी लिहायला बसलेय. कारण सांगितलं तर हसाल. घरात चार कोंबड्या आल्यात. म्हणजे घरात नाही, मागच्या अंगणात. पण सकाळी सहाला त्यांचं जे काही सुरू होतं ते ऐकून शेजाऱ्यांना त्या घरातच असाव्यात असं वाटतं.

नातेवाइकांच्या प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच आल्या. मावशीने "आता हेच राहिलं होतं" म्हणून फोन ठेवला. मामेभावाने मात्र गंभीरपणे विचारलं, "मलाही पाळायच्यात, सुरुवात कशी करू ते लिही ना." लिहिते. पण मला सुरुवात करायची तर आजीपासूनच करावी लागेल. तेव्हा थोडा धीर धर बाबा, काम की बात शेवटी आहे :)

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी. आजोबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, वारी, सगळं कडक. घरात अंडं शिजत नसे. आणि तरीही आमच्या घरी दहा-बारा कोंबड्या कायम असत! गोठ्याच्या मागे आजीचं खुराडं होतं, बाजूला पिल्लांवर झाकायचं बांबूचं डालगं. आजोबा त्या बाजूला जातच नसत. कोंबडी अंगणात आली तर ते तिच्याकडे न बघता पोथीचं पान उलटत. आमच्या घरात कोंबड्या नाहीत, असा त्यांचा ठाम समज होता आणि चाळीस वर्षं आजीने तो मोडला नाही.

अंडी ती विकायची. शेतीचा पैसा आजोबांच्या हातात, दुधाचा पैसा घरखर्चाला, अंड्यांचा पैसा मात्र तिचा. त्याचा हिशेब कुणी मागत नसे, कारण मागायचा तर कोंबड्या आहेत हे कबूल करावं लागलं असतं. आत्या गावातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. तिची पुस्तकं, परीक्षेची फी, तालुक्याला जायचं भाडं, सगळं त्या डालग्याखालून आलं. ही गोष्ट आत्यानेच मला सांगितली, आजीने कधीच नाही.

आजोबांचा नियम त्यांचा एकट्याचा नव्हता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे, तिच्यात गावातला कोंबडा येतो. गंमत म्हणजे त्याच श्लोकात लसूण आणि कांदाही आहेत. कांदा-लसूण पुढे बऱ्याच घरांत सुखाने नांदले, कोंबडी मात्र मागच्या दारीच राहिली. एकीकडे कार्तिकेयाच्या ध्वजावर कोंबडा, ग्रामदेवतेला नवस कोंबड्याचा, आणि दुसरीकडे हा विटाळ. कोंबडी कुठे आहे यावरून घर कुणाचं ते ओळखावं अशी आपली समाजरचना. ज्यांना जमीन नव्हती, म्हैस परवडत नव्हती त्यांच्याकडेही चार कोंबड्या असायच्या. आणि त्या बहुतेक करून बाईच्या असायच्या.

मुळात ही आली कुठून? डार्विनने १८६८च्या ग्रंथात सांगून ठेवलं होतं की सगळ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. २०२० साली शेकडो पक्ष्यांचे जनुकसंच तपासून संशोधकांनी ते मूळ आणखी नेमकं केलं: नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातली एक उपजात. २०२२ साली दुसऱ्या एका गटाने असं मांडलं की रानकोंबडा माणसाजवळ आला तो भातशेतीच्या मागोमाग, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी. दाणे सांडले, तो आला, राहिला. म्हणजे आपण त्याला पकडून आणण्याआधी तोच आपल्या अंगणात शिरला असणार. माझ्या चौघींचा स्वयंपाकघराच्या दाराशी चाललेला सत्याग्रह पाहिला की हे लगेच पटतं.

आणि एक गोष्ट खास आपली. पुष्कळ कोंबड्यांचे पाय पिवळे असतात. तांबड्या रानकोंबड्यात तो पिवळेपणा नाही. २००८ साली लक्षात आलं की हे जनुक राखी रानकोंबड्याकडून आलंय. राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडणारा. केव्हातरी, कुठल्यातरी खेड्याच्या कडेला ही सोयरीक जुळली असणार. आज परदेशी म्हणून मिरवणाऱ्या पांढऱ्या लेगहॉर्नचे पायसुद्धा पिवळेच असतात!

लेगहॉर्न मूळची इटलीतल्या लिव्होर्नो बंदराकडची, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जाऊन नावारूपाला आली. स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सरकारने देशात पाच ठिकाणी प्रादेशिक कुक्कुटपालन केंद्रं काढली. त्यातलं एक मुंबईचं, आरेमधलं. सुधारित जाती तिथून पुढे पसरल्या. मग १९७१मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुणे हे कोंबडीच्या धंद्याचं मोठं ठाणं झालं. त्यांच्याच पुढाकाराने १९८२ साली अंडी उत्पादकांची समन्वय समिती उभी राहिली. तोवर अंड्याचा भाव व्यापारी ठरवायचे, तो उत्पादकांनी स्वतः जाहीर करायला सुरुवात केली. टीव्हीवरची अंड्यांची ती जाहिरात आठवते ना? ती याच समितीची.

या सगळ्यात आजीच्या गावठी कोंबडीला 'कमी उत्पादनाची' असं नाव पडलं. आकड्यांनी ते खरंच आहे. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पिंजऱ्यातली तीनशेच्या वर. पण आजीची कोंबडी करायची काय ते पाहा. बारा-पंधरा अंडी घालायची आणि खुडूक व्हायची. मग एकवीस दिवस अंड्यांवर बसायची. मग दोन-अडीच महिने पिल्लं घेऊन हिंडायची, घार दिसली की पंखाखाली घ्यायची, उकिरड्यात किडे कसे शोधायचे ते शिकवायची. एवढं झाल्यावर पुन्हा अंडी. म्हणजे उबवणी केंद्र, पाळणाघर आणि शाळा हे सगळं ती एकटी चालवायची. लेगहॉर्नमधून हा खुडूकपणाच निवडीने काढून टाकलाय. तिची अंडी वाढली, कारण तिचं उरलेलं काम यंत्राकडे गेलं. यंत्राला वीज लागते, वीज म्हणजे भांडवल, आणि भांडवल आलं की धंदा मागच्या दारातून पुढच्या दारी येतो. बहुतेक ठिकाणी तो बाईच्या हातातूनही जातो.

आजीला भीती एकाच गोष्टीची होती. मानमोडी. दर एक-दोन वर्षांनी साथ यायची, कोंबड्यांच्या माना वाकड्या व्हायच्या आणि आठवड्यात खुराडं रिकामं. हाच राणीखेत रोग. १९२६ साली तो जावामध्ये आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला नोंदला गेला, त्यानंतर लगेचच आपल्याकडे कुमाऊंमधल्या राणीखेतला. म्हणून जगात न्यूकॅसल आणि आपल्याकडे राणीखेत. आपल्या भाषेत 'मानमोडी' हे नाव आणखी एका साथीलाही होतं, १९१८च्या इन्फ्लुएंझाला. दोन्हींचे विषाणू अगदी वेगळे. पण १९१८चा तो विषाणूही पक्ष्यांमधल्या विषाणूंशी नातं सांगणारा होता, हे नंतर कळलं. माणसाला आणि कोंबडीला एकच शब्द लावणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. मला ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

आता २००६.

त्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला. भारतातला पहिला. लाखो पक्षी मारून पुरले गेले. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात आला. मी तेव्हा मायक्रोबायॉलॉजी शिकत होते आणि सुट्टीत गावी होते. आमचं गाव ठरवलेल्या अंतराच्या आत येत होतं. नियम सरळ होता: आतला एकही पाळीव पक्षी ठेवायचा नाही. आजारी असो वा नसो.

आजीच्या अकरा कोंबड्या ठणठणीत होत्या. बारावी नऊ अंड्यांवर बसली होती. माणसं गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा आजीने ती टोपली उचलली आणि धान्याच्या खोलीत, कोठीच्या मागे ठेवून वर गोणपाट टाकलं. मी पाहिलं. तिनेही पाहिलं की मी पाहिलंय.

पांढऱ्या पोशाखातल्या, तोंडं बांधलेल्या माणसांनी अकरा मोजल्या. "आणखी?" आजी म्हणाली, नाही.

मी तिला आत घेऊन गेले आणि जे शिकत होते ते सगळं सांगितलं. आजाराची लक्षणं दिसण्याआधीही पक्षी विषाणू बाहेर टाकू शकतो. विष्ठेतून पसरतो. हाँगकाँगला १९९७मध्ये अठरा माणसांना झाला, सहा दगावली. घरात लहान मुलं आहेत. सगळं खरं होतं आणि सगळं मी भराभरा, परीक्षेत बोलावं तसं बोलले. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. शेवटी तिने गोणपाट काढलं आणि कोंबडी माझ्या हातात दिली. स्वतः बाहेर आली नाही. दारापर्यंत तिला मीच नेलं. खुडूक कोंबडीचं पोट किती गरम असतं ते ज्यांनी हातात घेतली आहे त्यांनाच माहीत. अंडीही गेली.

मग कागद आला. भरपाई मिळणार होती आणि यादीत नाव कुटुंबप्रमुखाचं. म्हणजे आजोबांचं! आजी दारातून म्हणाली, "कोंबड्या माह्या, अन् सही त्यांची?" कुणी उत्तर दिलं नाही. रांगेत पुढची घरं होती, त्या माणसांनाही उशीर होत होता. मी तरी कुठे काही बोलले? मला विषाणूबद्दल सगळं माहीत होतं, यादीत कुणाचं नाव असावं याबद्दल मी कधी विचारच केला नव्हता.

आजोबांनी पेन हातात घेतलं आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ज्या कोंबड्या त्यांच्या घरात नव्हत्याच, त्या बारा कोंबड्यांचे मालक म्हणून त्यांनी सही केली. पैसे मिळाले त्या दिवशी ते पहिल्यांदा गोठ्यामागे गेले. आजी रिकामं खुराडं झाडत होती. तिच्या हातावर पैसे ठेवून एवढंच म्हणाले, "तुझे आहेत."

काही महिन्यांनी नवे पक्षी आणायला परवानगी मिळाली. आजीने आणले नाहीत. २०१३मध्ये ती गेली, तोवर खुराड्यात सरपण होतं.

मी बरोबर होते का? कोंबडी देण्याबाबत होय, आजही. पुढे नवापूरला २०२१मध्ये बर्ड फ्लू परत आला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भारतात एच५एन१ने एका मुलाचा जीव गेल्याची पहिली नोंद झाली. तेव्हा भीती खोटी नव्हती. पण त्या दिवशी 'या तुझ्या आहेत, हे तुझ्याकडून जातंय' एवढं म्हणायला हवं होतं. ते आजोबांना जमलं, मला नाही.

२०१९च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या सुमारे ३१.७ कोटी निघाल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्के जास्त. सगळ्यांनी मोडीत काढलेली मागच्या दारची कोंबडी काही संपली नाही. मला हा आकडा वाचून फार बरं वाटलं.

तर भावा, आता तुझं. पहिली चूक मी करून ठेवलीय, ती तू करू नकोस. मागच्या वर्षी बाजारातून सहा पिल्लं आणली, लस टोचली आहे का विचारलं नाही. चार दिवसांत पाच गेली. माना वाकड्या. इतकं शिकून मी मानमोडी घरी आणली! म्हणून:

लहान पिल्लं घेतलीस तर पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा. मधल्या गंबोरोच्या आणि पुढच्या लसींचं पशुवैद्यांना विचार. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्बखाली सगळी दाटीवाटीने बसली तर थंडी वाजतेय, लांब पांगली तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं बोलतात. एवढं नको असेल तर माझ्यासारख्या लस झालेल्या, तीन-चार महिन्यांच्या तलंगा आण. गावठी चालेल, वनराज, गिरीराजही चालतील. चारच घे. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो, आणि शेजाऱ्यांसाठी तो नसलेलाच बरा. रात्री खुराडं घट्ट बंद कर, मुंगसाला बोटभर फट पुरते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेव, नाहीतर कवचं पातळ होतात. आणि सोसायटीचे नियम आधी विचार, कोंबड्या नंतर.

आणि एकाएकी पक्षी मरायला लागले तर लपवू नकोस. लगेच कळव. माझ्याकडून एवढंच मागणं.

काल चौघींपैकी एक खुडूक झाली. कोंबडा नाही, अंडी रिकामीच आहेत. पण तिला उठवायला गेले आणि हात पोटाखाली गेला तसा तिथेच राहिला.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, गावाहून फलित अंडी पाठवते, नऊच ठेव.