शिखराअलीकडची माघार

माझं सारं आयुष्य मनोरीत गेलं. घराबाहेर पडलं की मार्व्याला जाणारी फेरीबोट, खाडी आणि समुद्र. असा समुद्रसपाटीवरचा मी 2014 साली लडाखच्या स्टोक कांगरीला गेलो. उंची 6,153 मीटर. तिथं हवेचा दाब आपल्याकडच्या निम्म्यावर येतो. 2020 मध्ये ही चढाई बंद करण्यात आली.

शिखराचा दिवस सुरू होतो तो रात्री. बर्फ घट्ट असताना चढायचं आणि उन्हानं तो भुसभुशीत व्हायच्या आत उतरायला लागायचं. अकराला निघताना आमच्या लडाखी वाटाड्यानं बजावलं होतं, ‘सकाळी आठला जिथं असाल तिथून परत.’ आठ वाजले तेव्हा माथा समोर दिसत होता. मी फिरलो, पण मनात चरफडत.

पुढं एव्हरेस्टचा इतिहास वाचला आणि ही चरफड ओसरली. 28 मे 1952 रोजी तेनझिंग आणि स्वित्झर्लंडचे रेमंड लॅम्बर्ट सुमारे 8,600 मीटरवरून परतले. 26 मे 1953 रोजी इव्हान्स आणि बोर्डिलन दुपारी एकला दक्षिण शिखरावर पोहोचले. माथा जेमतेम शंभर मीटर वर होता. पण परतीपुरता ऑक्सिजन उरणार नाही, हे ओळखून ते वळले. तीन दिवसांनी तेनझिंग आणि हिलरी माथ्यावर उभे राहिले. उतरताना त्यांच्या हाताशी होत्या त्या या दोघांनी वाटेत ठेवलेल्या ऑक्सिजनच्या नळकांड्या!

याउलट मे 1996 मध्ये मार्गदर्शकांबरोबर गेलेले अनेक जण दुपारी दोननंतरही चढत राहिले. वादळानं गाठलं आणि आठ जण दगावले.

आपल्या महाराष्ट्रातून 1998 मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, 2012 मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण अलीकडून परतलेल्यांची नावं आपण विचारतो का?

मनोरीच्या कोळीवाड्यात मी हे सांगितलं तेव्हा एक म्हातारे नाखवा हसले. म्हणाले, ‘वारा फिरला की आम्ही रिकामी होडी घेऊन येतो. त्याला कुणी हरणं म्हणत नाही, बाबा. माणसं घरी आली, एवढंच बघतात.’