शिकारीचं सामान कुणाच्या खांद्यावर?

जहांगीर बादशहानं 'तुझुक-ए-जहांगीरी' या आत्मचरित्रात एक हिशेब लिहून ठेवला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत त्याच्या समोर २८,५३२ पशुपक्षी मारले गेले. त्यांतले १७,१६७ त्यानं स्वतःच्या हातानं मारले. त्याचीही फोड दिली आहे: पक्षीच १३,९६४, आणि त्यांत कबुतरं १०,३४८! इतकी चोख मोजदाद आम्ही मास्तर लोक हजेरीपटातही ठेवत नाही.

हा उतारा दरवर्षी कुणी ना कुणी मोबाईलवर पाठवतं. काही मित्र 'काय शान होती' म्हणून पाठवतात, काही 'काय ही ऐयाशी' म्हणून. दोघांचीही नजर हत्तीच्या हौद्यावर असते. मला मात्र हा आकडा वाचला की वेगळाच प्रश्न पडतो. एवढ्या शिकारीसाठी माणसं आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने रानात राहत. मग बरोबर काय नेत? काय खात, कशावर झोपत? आणि मुख्य म्हणजे, ते सगळं उचलत कोण?

बादशहाचं सामान किती होतं हे दरबारी लेखक सांगतात. पण साध्या, पगारी माणसानं अशा सफरीसाठी गाठोडं कसं बांधलं, हे सांगणारा एक जण भेटतो: फ्रांस्वा बर्निए. हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात होता आणि दानिशमंद खान या विद्वान अमिराच्या पदरी नोकरीला होता. बादशहा दिल्लीहून लाहोरमार्गे काश्मीरला निघाला, तेव्हा खानाबरोबर बर्निएलाही जावं लागलं. वाटेत शिकार करत करत जायचं, असा हा प्रवास. (त्याच्या पहिल्या पत्रावर १४ डिसेंबर १६६४ अशी तारीख आहे, फारसी साधनांवरून मात्र ही स्वारी १६६२-६३ ची ठरते. तो वाद आज बाजूला ठेवू.) फ्रान्समधल्या मित्राला लिहिलेल्या या पत्रात त्यानं आपलं सामान एकेक करून सांगितलं आहे.

दोन तुर्कमानी घोडे. एक दणकट इराणी उंट आणि त्याचा सारवान. एक मोतद्दार, एक स्वयंपाकी, आणि घोड्यापुढं पाण्याची सुरई घेऊन चालणारा एक नोकर. मध्यम आकाराचा तंबू, एक सतरंजी, आणि चार मजबूत पण हलक्या वेतांची जोडायची-सोडायची खाट. एक उशी, दोन पांघरुणं; त्यांतलं एक चौपदरी घातलं की गादी. जेवायला बसताना अंथरायचा चामड्याचा गोल सुफरा. रंगीत कापडाचे थोडे रुमाल. भांड्यांच्या तीन लहान पिशव्या, त्या एका मोठ्या पिशवीत, आणि ती मोठी पिशवी एका दुतोंडी थैल्यात. घोड्याच्या दोन्ही बाजूंना लोंबते त्या खुर्जीचाच हा भलामोठा भाऊ. पाच-सहा दिवस पुरेल एवढा उत्तम तांदूळ, बडीशेपेच्या चवीची गोड बिस्किटं, लिंबं आणि साखर. आणि एक छोटा लोखंडी आकडा लावलेली कापडी पिशवी, दही टांगायला! श्रीखंडासाठी चक्का टांगतो तशीच. दिवसभर चालून मुक्कामाला पोचेपर्यंत पाणी निथळून जातं आणि उरतं ते टिकतं.

या यादीत मला फालतू असं काहीच दिसत नाही. पांघरुणाचीच गादी, पिशवीत पिशवी. आजचे ट्रेकला जाणारे तरुण पाठीवरच्या पिशवीत वस्तू अशाच एकमेकींच्या पोटात घालतात. फरक शेवटच्या ओळीत आहे. बर्निए लिहितो, हा थैला भरल्यावर इतका अवजड होतो की उंट खाली बसलेला असूनही तो चढवायला तीन-चार माणसांची दमछाक होते. म्हणजे हलकं हलकं म्हणून जे घेतलं, त्याचंही ओझं झालंच. एका माणसाचा हा संसार, आणि तो हलवायला चार नोकर.

आता हाच हिशेब बादशहाच्या पातळीवर नेऊन पाहा. अबुल फझलनं 'आईन-ए-अकबरी'त फरासखान्याचे आकडे दिले आहेत. पुण्यात फरासखाना म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं, पण मूळ अर्थ तंबू, कनाती, सतरंज्या यांचं खातं. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांतही फरासखाना आहे, शिकारखाना आहे आणि पाण्याचा आबदारखानाही आहे. ही व्यवस्था आणि ही भाषा दोन्हीकडची सामायिक होती. अकबराच्या एका छावणीचं सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. शिवाय १,००० फरास, वाट साफ करणारे ५०० बेलदार, १०० भिश्ती, ३० चर्मकार, १५० झाडूवाले, आणि सुतार, तंबू शिवणारे, मशालची मिळून ५०. पायी चालणाऱ्या नोकराचा महिना २४० ते १३० दाम. त्या वेळी रुपयाला ४० दाम, म्हणजे सहा रुपयांपासून सव्वातीन रुपयांपर्यंत.

आणि छावण्या दोन असत. बादशहा एकीत झोपलेला असताना दुसरी पुढच्या मुक्कामी उभी राहत असे. या पुढं जाणाऱ्या छावणीला पेशखाना म्हणत. त्यामुळं बादशहाला तंबू उखडताना, रिकामं मैदान, विझलेल्या चुली कधी दिसतच नसत. तो एका घरातून निघे आणि संध्याकाळी हुबेहूब तशाच घरात शिरे. मधलं सगळं काम नजरेआड होई.

शिकारीचं रानही असंच आधी तयार केलेलं असे. दिल्ली-आग्र्याच्या परिसरात आणि लाहोरच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंच गवताचं पडीक रान होतं, त्यावर पहारे असत, असं बर्निए सांगतो. तितर, लाव्हे, ससे लोकांनी जाळ्यानं धरावेत. बाकी जनावर बादशहाचं. सिंहाच्या शिकारीआधी रानात गाढव बांधून ठेवत. सिंह ते खाई, मग दुसरं, मग तिसरं. शेवटच्या गाढवाला अफू चारत, म्हणजे ते खाऊन सिंह सुस्तावे. मग जाळं, आणि मग हत्तीवरून बादशहा. मेलेला सिंह दरबारात आणून इंच इंच मोजत आणि त्याची नोंद दफ्तरी ठेवत. शिकाऱ्याच्या सामानात अफू आणि गाढवंही येतात, हे चित्रांत कुठं दिसतं?

त्या हजारो माणसांनी आणि जनावरांनी खायचं काय? बर्निएला स्वतःलाही हा प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर म्हणजे खिचडी. डाळ-तांदूळ एकत्र शिजवायचे, वर थोडं तूप. एवढं मिळालं की लष्करातला सामान्य माणूस खूश. जनावरांसाठी गरीब लोक आसपासच्या शिवारांत पसरत, खुरप्यानं मुळासकट गवत खरवडत, माती झाडून किंवा धुऊन ते छावणीत विकायला आणत. शेत कुणाचं होतं, हे विचारायला तिथं कोण थांबणार!

पाण्याकडं जरा निवांत पाहू या. अकबर घरी आणि प्रवासात गंगेचं पाणी पीत असे. ते सीलबंद घड्यांतून येई. दरबार आग्रा-फतेहपूरला असला की सोरोंहून, पंजाबात असला की हरिद्वारहून. शिकारीवर जाताना पाण्याची चव पारखणारी अनुभवी माणसं मुद्दाम नेमलेली असत. पुढं औरंगजेबाच्या अमिरांकडंही गंगाजलानं लादलेले उंट असत. बर्निएला बाजारातली वाळू मिसळलेली रोटी आणि गढूळ पाणी यांची धास्ती होती, म्हणून खानानं त्याला रोज घरची ताजी रोटी आणि एक सुरई गंगेचं पाणी देण्याचं कबूल केलं. सुरई कथिलाची, वर लाल कापडाचं वेष्टण. कापड ओलं ठेवलं की वाऱ्यानं पाणी गार होतं. नेहमीच्या सुरईत मावतं त्याच्या दुप्पट मावेल अशी सुरई बर्निएनं मुद्दाम करवून घेतली. शहाणा माणूस! पण ती दुप्पट जड सुरई घेऊन घोड्यापुढं चालणारा नोकर मात्र एकच राहिला.

लाहोर सोडून भिंबरकडं जाताना उन्हाळा लागला. बर्निएच्या अंगावर सुईसारखे टोचणारे लाल पुरळ उठले, हातापायांची, चेहऱ्याची सालं निघाली. तंबू नसलेला एक गरीब स्वार झाडाखाली मेलेला सापडला. एका पत्राच्या शेवटी तो लिहितो की जवळ चार-पाच लिंबं आणि थोडं सुकं दही उरलं आहे, ते पाण्यात साखरेबरोबर कालवून पिणार आहे. टोकावरच शाई वाळते आहे. म्हणजे दिल्लीत बांधलेल्या त्या कापडी पिशवीनं शेवटी त्याला तारलं. त्या स्वाराकडं ना तंबू होता, ना पिशवी.

भिंबरपासून पुढं डोंगर. पीर पंजालच्या चढणीवर उंट चालत नाहीत, त्यांच्या लांब ताठ पायांना ती वाट जमत नाही. मग उंटांचं ओझं माणसांच्या पाठीवर आलं. भिंबरला आधीच १५,००० हमाल जमले होते. काही काश्मीरच्या सुभेदारानं आणि आसपासच्या राजांनी पाठवलेले, काही मजुरीच्या आशेनं आपणहून आलेले. एकट्या बादशहालाच ६,००० च्या आसपास हवे होते, आणि एकूण ३०,००० लागतील असा अंदाज होता. शंभर पौंड वजनाला दहा क्राऊन असा दर सरकारी हुकुमानं ठरला होता, असं बर्निए आपल्या फ्रेंच नाण्यात सांगतो. पुढं घाटात एक हत्ती बिचकून मागं सरला, त्याचा धक्का मागच्याला, त्याचा त्याच्या मागच्याला, आणि पंधरा हत्ती दरीत कोसळले. जनानखान्यातल्या तीन-चार बायका गेल्या. दोन दिवसांनी बर्निए तिथून गेला, तेव्हा खाली काही हत्तींच्या सोंडा अजून हलत होत्या. हे त्यानं लिहिलं, म्हणून आपल्याला कळतं. तीस हजार हमालांतले त्या वाटेवर किती घसरले, हे त्यानंही लिहिलेलं नाही.

हे सगळं आज आठवायला कारण झाली एक म्हण. आठवीला मराठीच्या तासाला 'रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला' ही म्हण आली. वर्ग हसला. मी विचारलं, पखाल म्हणजे काय? एकालाही सांगता येईना. हसणाऱ्यांत मागच्या बाकावरचा एक मुलगा होता, ज्याचं आडनावच पखाली. त्यालाही माहीत नव्हतं. मी सांगितलं, बैलाच्या किंवा रेड्याच्या पाठीवर लादतात ती पाण्याची कातडी पखाल, आणि माणूस खांद्यावर नेतो ती मशक. मग फळ्यावर भिश्ती, पखाली, फरास, सारवान असे शब्द लिहिले आणि 'आईन'मधले आकडेही लिहिले. आपल्याकडं यांतली कितीतरी आडनावं हजेरीपटात आहेत, पण आपली मुलं इतिहासाच्या तासाला स्वतःला शोधतात ती जहांगीरच्या हौद्यात. बाकीचेही त्यांना तिथंच बसवतात, कधी कौतुकानं, बहुतेकदा रागानं. फरासाच्या पोराला फरासखान्याशी आपला काही संबंध असेल असं कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा घरी विचारून आला. दादी म्हणाली, तुझ्या पणजोबांकडं मशक होती. लग्नाकार्यात, उरुसात पाणी मारायला त्यांना बोलवत. गावात नळ आले तेव्हा ती विकली. केवढ्याला, ते घरात कुणाला आठवत नाही.